नाझी जर्मनीच्या धड्यात त्र्यूसबाईंना एक पान द्या : इतिहास अभ्यास समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
इतिहास विषय अभ्यास समिती,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

रायगड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. आता निवृत्त आहे. पुस्तकं पुन्हा बदलणार अशी चर्चा शिक्षकांत चालू आहे, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. खुलं लिहिलं ते एवढ्यासाठी, की इतर शाळांतल्या इतिहासाच्या शिक्षकांनीही वाचावं आणि पटलं तर आपलं नाव माझ्या मागणीखाली जोडावं.

मागणी एकच आहे. नाझींच्या तावडीतून ज्यू मुलांना सोडवून आणणाऱ्या एका डच बाईंना नाझी जर्मनीच्या धड्यात एक पूर्ण पान द्यावं. त्यांचं नाव खेर्त्राउडा वाइसमुलर-मायर. लोक त्यांना त्र्यूस म्हणत, आणि मुलं ‘तांते त्र्यूस’. डच भाषेतल्या ‘तांते’मध्ये आपल्या मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या मावतात. मी माझ्यापुरतं त्यांना त्र्यूसबाई म्हणते, कारण शाळेत मलाही मुलं बाईच म्हणत.

ही मागणी मनात कुठून आली ते आधी सांगते. धडा शिकवताना माझा फळा वर्षानुवर्षं सारखाच असायचा. १९३३, हिटलर चॅन्सेलर. १९३५, ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेणारे न्यूरेंबर्ग कायदे. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८, सिनेगॉगं म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली, हजारो ज्यू पुरुषांना पकडून छावण्यांत नेलं. मग आउशविट्झची मृत्यूछावणी, मग मारल्या गेलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा. मुलं मान खाली घालून उतरवून घ्यायची. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, पण मग कुणीच काही केलं नाही?” मी सांगितलं, मित्रराष्ट्रांनी १९४५ मध्ये जर्मनीचा पराभव केला. ती “बरं” म्हणाली आणि खाली बसली.

उत्तर परीक्षेपुरतं बरोबर होतं. तिनं विचारलं होतं ते मात्र वेगळंच. सैन्य नसलेल्या, खुर्ची नसलेल्या माणसांनी काय केलं, शेजारच्या घरातल्यांनी काय केलं, हे तिला हवं होतं. ते माझ्याजवळ नव्हतं, कारण मी ज्या पुस्तकांतून शिकले आणि ज्यांतून शिकवलं त्यांत ते नव्हतं. हिटलर, हिमलर, गोबेल्स, आइकमन ही नावं माझ्या विद्यार्थ्यांना पाठ होती. ज्या बाईनं आइकमनच्या खोलीत जाऊन त्याच्या हातून सहाशे मुलं सोडवून आणली, तिचं नाव मलाच माहीत नव्हतं.

ते कळलं निवृत्तीनंतर. माझी भाची नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. तिच्याकडे गेले असताना आम्ही हूक व्हान हॉलंडच्या धक्क्यावर गेलो. इथून इंग्लंडमधल्या हॅरिचला जहाजं सुटतात. धक्क्याजवळ ब्राँझची मुलं उभी आहेत, प्रवासाच्या कपड्यांत, सामानासह. १९३८-३९ मध्ये नाझींपासून वाचवून या वाटेनं इंग्लंडला पाठवलेल्या ज्यू मुलांचं हे स्मारक. शिल्पकार फ्रँक माइस्लर. तो स्वतः यांतलाच एक मुलगा, १९३९ मध्ये डान्झिगहून अशाच गाडीनं निघालेला. त्याचे आईवडील पुढे आउशविट्झमध्ये मारले गेले. भाचीनं फलक वाचून दाखवला आणि परत येताना गाडीत तिच्या फोनवरून मला त्र्यूसबाईंची हकिकत वाचून दाखवली. मी त्यानंतर जमेल तेवढं मिळवून वाचत राहिले.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १८९६ चा, अलकमार या गावातला. वडील औषधविक्रेते, आई शिवणकाम करायची. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातली उपासमार झालेली मुलं काही महिने अंगावर मूठभर मांस चढावं म्हणून नेदरलँड्समधल्या घरांत ठेवली जात. परक्या मुलाला घरात घेणं ही गोष्ट त्र्यूसबाईंच्या घरी नवी नव्हती. त्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका बँकेत कामाला लागल्या, तिथेच योप वाइसमुलर भेटले, लग्न झालं. मूल झालं नाही. म्हणून घरी बसणं त्यांना जमेना. घरोघरच्या आजाऱ्यांची सेवा, पाळणाघर, स्त्रियांच्या हक्कांची संघटना, जिथे हात लागेल तिथे त्या पगाराविना काम करत राहिल्या. हा तपशील मी मुद्दाम देते. आपल्या पुस्तकांत थोर माणसं एकदम थोर होऊनच अवतरतात. ही बाई वर्षानुवर्षं समित्यांच्या बैठका, देणग्यांच्या पावत्या आणि कारकुनांच्या मिनतवाऱ्या यांत तयार झाली होती. १९३८ मध्ये नेमकं तेच कौशल्य लागलं.

हिटलर सत्तेवर आल्यापासून त्या ओळखीच्या ज्यू कुटुंबांच्या नातेवाइकांना आणायला अधूनमधून जर्मनीत जात होत्याच. नोव्हेंबर १९३८ च्या त्या रात्रीनंतर बातमी आली, की सरहद्दीजवळच्या रानात ज्यू मुलं एकटीच भटकत आहेत. त्या बघायला गेल्या. सरहद्दीवर त्यांना यिद्दिश बोलणारा एक रडणारा पोलिश मुलगा सापडला. त्यांनी त्याला आपल्या स्कर्टखाली लपवला आणि नेदरलँड्समध्ये आणला. आपल्याकडच्या मुलाला हे चटकन कळेल. आजीच्या नऊवारीत लपलेलं पोर कुणी पाहिलेलं नाही? तिथे फरक एवढाच, की पकडलं गेलं असतं तर पुढे काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता सरकारं काय करत होती ते. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ इथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी निर्वासितांच्या प्रश्नावर जमले, आणि बहुतेकांनी सहानुभूती व्यक्त करून आपापली दारं बंदच ठेवली. अमेरिकेत १९३९ मध्ये वीस हजार मुलांना घेण्याचं विधेयक आलं आणि मतदानापर्यंत न पोचताच विरलं. ब्रिटनमध्ये नोव्हेंबरच्या हिंसेनंतर ज्यू संस्था आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक गृहमंत्र्यांना भेटले. त्या शिष्टमंडळात बर्था ब्रेसी ही क्वेकर बाई होती. २१ नोव्हेंबरला पार्लमेंटमध्ये चर्चा झाली आणि ठरलं, की सतरा वर्षांखालची मुलं आईवडिलांशिवाय आली तर तात्पुरती घेऊ; खर्च मात्र सरकारचा नाही. पुढे प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी मागितली गेली. आईवडिलांना परवानगी नव्हतीच. पुस्तकात ही अट ठळक छापायला हवी, कारण जे पुढे घडलं त्यातलं अर्धं दुःख या एका अटीतून आलं.

ब्रिटन घ्यायला तयार झालं, पण व्हिएन्नातून मुलं सोडणार कोण? ऑस्ट्रिया त्याच वर्षी मार्चमध्ये जर्मनीनं गिळला होता. तिथल्या ज्यूंना लुबाडून देशाबाहेर घालवण्याचं कार्यालय आइकमन चालवत होता, रॉथशिल्ड कुटुंबाकडून हिसकावलेल्या वाड्यात बसून. या मुलांना आणण्यासाठी झटणाऱ्या लंडनच्या समितीतले नॉर्मन बेंटविच यांनी त्र्यूसबाईंना विचारलं, तुम्ही जाल का? त्यांच्याकडे कुठलंही सरकारी पद नव्हतं. त्या गेल्या.

पुढचं त्यांनीच नंतर सांगितलेलं आहे. समोर बत्तीस वर्षांचा अधिकारी, उभी बेचाळीस वर्षांची बाई. त्यानं त्यांचे हात बघितले. बूट काढायला लावले. स्कर्ट गुडघ्यांच्या वर धरून खोलीत इकडून तिकडे चालायला लावलं. म्हणजे रक्त ‘शुद्ध’ आहे की नाही याची त्याच्या डोक्यातली परीक्षा. आणि शेवटी म्हणाला, इतकी शुद्ध आर्य आणि तरी इतकी वेडी!

समितीतल्या स्त्री सदस्यांना यावर मी वेगळं काही सांगायला नको. एका पुरुषापुढे, त्याच्या हुकमानं असं चालून दाखवणं म्हणजे काय, हे प्रत्येक बाईला कळतं. त्र्यूसबाई चालल्या. अपमान गिळला, कारण गिळला नसता तर बोलणं तिथेच संपलं असतं. मुलांना शिकवताना हा प्रसंग गाळू नये. वयाला शोभेल अशा शब्दांत, पण सांगावा. धैर्य म्हटलं की आपली मुलं तलवार उपसलेला घोडेस्वार डोळ्यांपुढे आणतात. मान ताठ ठेवून एक घाणेरडी परीक्षा पार करणाऱ्या बाईचं धैर्यही त्यांना दिसू दे.

आइकमननं मग अट घातली. येत्या शनिवारी, १० डिसेंबरला, सहाशे मुलं देशाबाहेर निघायला हवीत. ती पोचली तर पुढच्यांचं बघू. हातात आठवड्याचे उरलेले दिवस.

शनिवार! आमच्या अलिबागकडच्या कुणालाही या शब्दापाशी थांबावं लागेल. कोकणातले बेने इस्रायल ज्यू पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवत आले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ असं नाव दिलं. अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथे मागेन अवोत सिनेगॉग उभं आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावं आमच्या मातीतली. शनिवारी हे लोक चूल पेटवत नाहीत, प्रवास करत नाहीत, हे इथल्या पोरासोरांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. आणि त्याच दिवशी मुलांना गाडीत बसवा असा हुकूम. दिवस सहज सुचला म्हणून निवडला असेल, असं मला वाटत नाही. प्राण वाचवण्यासाठी शब्बाथ, म्हणजे हा शनिवारचा विसावा, मोडायला ज्यू धर्मशास्त्र मुभा देतं, आणि व्हिएन्नाच्या आईबापांनी तो मोडला. हा धडा रायगडच्या वर्गात शिकवताना ‘शनिवार तेली’पासून सुरुवात करता येईल. व्हिएन्ना मग फार लांब राहत नाही.

यानंतरचे दिवस कसे गेले असतील ते शिक्षकांनी सहलीवरून ताडावं. चाळीस मुलांची एक दिवसाची सहल काढायची तर आपण महिनाभर आधी कामाला लागतो. पालकांची संमतिपत्रं, एसटीचं बुकिंग, डबे, औषधाची पेटी, हजेरीपट. इथे सहाशे मुलं, परकी सरहद्द, प्रत्येकाची कागदपत्रं, एक सरकार जाऊ देणारं, दुसरं वाटेत येऊ देणारं, तिसरं उतरवून घेणारं. व्हिएन्नाच्या ज्यू समाजसंस्थेतल्या कार्यकर्त्यांनी रात्री जागून याद्या केल्या. गाडी ठरली, जहाज ठरलं. शनिवारी, १० डिसेंबर १९३८ ला सहाशे मुलं निघाली. त्यांपैकी शंभर नेदरलँड्समध्ये राहिली आणि पाचशे समुद्र ओलांडून हॅरिचला उतरली.

त्यानंतर गाड्या येतच राहिल्या, व्हिएन्नाहून, बर्लिनहून, इतर शहरांतून. १ सप्टेंबर १९३९ ला युद्धाला तोंड लागलं आणि ही वाट बंद झाली. तोवर सुमारे दहा हजार मुलं ब्रिटनमध्ये पोचली होती, बहुसंख्य ज्यू. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या बहुतेकांचा रस्ता हूक व्हान हॉलंडच्या धक्क्यावरूनच गेला, आणि त्या रस्त्यावर त्र्यूसबाई सतत प्रवास करत होत्या.

एका मुलाला नेता यायचं काय? त्याला स्वतःला उचलता येईल एवढी पेटी. दहा मार्क. दागिना, किमती वस्तू काही नाही. गळ्यात नंबराची पाटी. सरहद्दीवर जर्मन पहारेकरी पेट्या उपसत, सामान विस्कटत. मग गाडी डच हद्दीत शिरे आणि पहिल्याच स्टेशनावर डच बायका डबे घेऊन उभ्या असत. कोको, पांढरा पाव, चॉकलेट. म्हातारपणी आठवणी सांगताना या मुलांपैकी कितीतरी जणांनी तो कोको आणि तो पाव आवर्जून सांगितला आहे. त्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पहाटे उठून पाव कापणाऱ्या, किटल्या भरणाऱ्या, आणि गाडी गेल्यावर घरी परतणाऱ्या. स्वयंसेवा हा शब्द आपण नागरिकशास्त्रात व्याख्येसह शिकवतो. त्याचा अर्थ मला त्या फलाटावरच्या किटलीत जास्त दिसतो.

एक गोष्ट अजून आहे, आणि ती वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून उठले होते. मुलांसोबत गाडीत मोठी माणसं असत, बरीचशी ज्यू. त्यांना नाझींची अट होती, की मुलांना पोचवून परत यायचं. एक जरी तिकडेच राहिला तर पुढच्या गाड्या बंद. आणि ती माणसं परत जात. सुरक्षित किनाऱ्यावर पाय ठेवून, मुलांचा हात सोडून, पुन्हा त्या गाडीत बसत, कारण पुढच्या फेरीची मुलं वाट बघत होती. त्यांतल्या कितीतरी जणांना पुढे मृत्यूछावण्यांत नेण्यात आलं. धड्यात त्र्यूसबाईंना पान द्या म्हणते तेव्हा त्या पानात या माणसांसाठी जागा हवी, हे माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

म्हणूनच एका चुकीपासून आधीच सावध करते. ‘दहा हजार मुलांना वाचवणारी एकटी बाई’ असं वाक्य कुठे कुठे वाचायला मिळतं. कृपा करून ते छापू नका. त्र्यूसबाईंचा वाटा फार मोठा होता, पण हे काम अनेकांनी मिळून पेललं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये निर्वासितांचं काम बघणाऱ्या खेर्ट्रूड फान टाइन होत्या, त्या स्वतः ज्यू. बर्लिनमध्ये ज्यू संस्थांचे कार्यकर्ते होते, लंडनमध्ये समित्या आणि मुलांना घर देणारी कुटुंबं होती. प्राग शहरात डोरीन वॉरिनर ही इंग्रज बाई ऑक्टोबर १९३८ पासून निर्वासितांना बाहेर काढत होती. तिथून निघालेल्या मुलांच्या गाड्यांसाठी आज जगाला निकोलस विंटन यांचं नाव ठाऊक आहे, तिचं फारसं नाही. विंटन यांचं काम खरं आणि मोठं. पण हे असं का होतं, कुणाचं नाव उरतं आणि कुणाचं पुसलं जातं, हा इतिहासाच्या तासाला विचारण्यासारखा प्रश्न आहे. सावित्रीबाईंच्या शाळेत शिकवणाऱ्या फातिमा शेख यांचं नाव माझ्या शाळकरी वयातल्या पुस्तकांत मला भेटलं नव्हतं. आता मुलं ते घेतात. पुसलेलं नाव परत लिहिता येतं.

युद्ध सुरू झाल्यावर त्र्यूसबाई थांबल्या असत्या तरी त्यांना कुणी नाव ठेवलं नसतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या काल्व्हरस्ट्राटवर शहराचं जुनं अनाथालय होतं, ‘बर्खरवेसहाउस’. जर्मनीतून आलेली पण इंग्लंडला न पोचलेली ज्यू मुलं तिथे ठेवली होती. त्र्यूसबाई आणि योप यांची तिथे नेहमी ये-जा असे. १० मे १९४० ला जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये घुसल्या. त्या वेळी बाई होत्या पॅरिसमध्ये. त्या युद्धाच्या धुमश्चक्रीतून घरी परतल्या. १४ मे ला रॉटरडॅमवर बाँब पडले, देश शरण जाणार हे स्पष्ट झालं. त्या दिवशी त्यांनी बस मिळवल्या, अनाथालयातली चौऱ्याहत्तर मुलं भरली आणि एइमाउडन बंदर गाठलं. रस्ते पळणाऱ्या माणसांनी तुंबलेले. बंदरात ‘बोडेखराव्हन’ नावाचं मालवाहू जहाज होतं. मुलं चढली. संध्याकाळी, डच शरणागती जाहीर होण्याच्या सुमारास, जहाजानं धक्का सोडला. वर जर्मन विमानं, खाली समुद्र. जहाजावर गोळीबारही झाला. पाच दिवसांनी, १९ मे ला, मुलं लिव्हरपूलला उतरली.

जहाजावर त्र्यूसबाईंना जागा मिळाली असती. त्या चढल्या नाहीत. घरी नवरा होता, गाव होतं, आणि मागे राहिलेली माणसं होती. त्या धक्क्यावरून परत अ‍ॅमस्टरडॅमला गेल्या.

पुढची पाच वर्षं त्यांनी अन्नाची पुडकी पोचवली, माणसं लपवायला आणि हलवायला मदत केली. १९४२ मध्ये गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना कोठडीत टाकलं आणि पुरावा मिळेना म्हणून सोडलं. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात डच शहरं उपासमारीनं तडफडत होती, तेव्हा उपाशी मुलांना खेड्यांत पाठवण्याच्या कामात त्या होत्या. नेदरलँड्समधल्या सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. हा आकडा त्यांच्या कामाच्या शेजारी ठेवूनच शिकवायला हवा. संपूर्ण युरोपात सुमारे पंधरा लाख ज्यू मुलं मारली गेली. दहा हजार वाचली, पंधरा लाख गेली. वाचलेल्यांतल्या बहुतेकांनी फलाटावर सोडलेले आईवडील पुन्हा पाहिले नाहीत. काही मुलं परक्या घरांत प्रेमानं वाढली, काहींना मोलकरणीसारखं राबवलं गेलं. काही आपली भाषा विसरली, इतकी, की युद्धानंतर चुकूनमाकून जिवंत सापडलेल्या आईशी बोलायला शब्द उरले नाहीत. हे सगळं त्या पानावर यायला हवं. गोड केलेला धडा मुलं लगेच ओळखतात.

१९६६ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेनं त्र्यूसबाईंना ज्यूंना वाचवणाऱ्या परधर्मीयांना दिला जाणारा सर्वोच्च सन्मान दिला. त्या वीसेक वर्षं अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरपरिषदेत होत्या. ३० ऑगस्ट १९७८ ला त्या वारल्या. त्यांच्या जन्मगावी, अलकमारला, त्यांचा पुतळा बसायला २०२० साल उजाडलं. म्हणजे त्यांच्या देशालाही उशीरच झाला, तेव्हा आपल्याला झाला म्हणून मी कुणाला दोष देत नाही.

आता पानाबद्दल. ‘माहीत आहे का तुम्हांला?’ या चौकटीत कृपया टाकू नका. एकतीस वर्षांचा अनुभव सांगते, चौकट परीक्षेला नसते म्हणून मुलं वाचत नाहीत आणि वेळ नसतो म्हणून आम्ही शिकवत नाही. मुख्य मजकुरात घ्या. सोबत नकाशा द्या: व्हिएन्ना, डच सरहद्द, हूक व्हान हॉलंड, हॅरिच. रेघ मुलांनी स्वतः ओढावी. एव्हियाँ परिषद, ब्रिटनची अट आणि त्र्यूसबाईंचा प्रवास एकाच पानावर आले तर सरकारं आणि माणसं शेजारी शेजारी दिसतील. स्वाध्यायात ‘टिपा लिहा’ ठेवू नका, कारण मग चार ओळींचं गाइड निघेल आणि तेच पाठ होईल. त्याऐवजी कृती द्या. वर्गाला सांगा, पाच दिवसांत सहाशे मुलांना दोन देश ओलांडून न्यायचं आहे. कुणाकुणाला भेटाल, कोणकोणते कागद लागतील, कोण नाही म्हणेल, त्याला काय सांगाल, याची गटानं यादी करा. मी निवृत्तीनंतर एका शाळेत पाहुणी म्हणून हे करून पाहिलं. तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं याद्या करत होती. एका मुलानं विचारलं, “बाई, सहाशे कुठली घ्यायची हे कोण ठरवणार?” सगळा वर्ग गप्प झाला. त्या मुलाला उत्तर द्यायची घाई मी केली नाही. व्हिएन्नातल्या याद्या करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता एवढंच सांगितलं.

महाराष्ट्राचा खरा धागाही देता येईल, पण जपून. मुंबईच्या ज्यू समाजानं १९३४ मध्येच ज्यूइश रिलीफ असोसिएशन काढून जर्मनी-ऑस्ट्रियातून येणाऱ्यांना आधार दिला होता. त्यातून आलेले डॉक्टर, चित्रकार, संगीतकार या शहरात वसले. आकाशवाणीची ओळखीची धून रचणारे वॉल्टर कॉफमन प्रागहून मुंबईला आले होते. हे घ्या. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ नंतर सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. तीही मोठी गोष्ट आहे. पण ती माणसं मुख्यतः कॅथलिक होती आणि सोव्हिएत राजवटीनं हद्दपार केलेली होती. भाषणांतून या दोन्ही गोष्टींची सरमिसळ झालेली मी ऐकली आहे. पुस्तकात ती होऊ नये.

पानाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. नकाशा भाचीनं काढून दिला आहे. समितीनं सांगितलं तर ताबडतोब पाठवते, हवे ते बदल करून देते, मानधन नको. नाव छापायचीही गरज नाही. मागच्या बाकावरची ती मुलगी आता स्वतः कुठेतरी शिकवते असं मध्यंतरी कळलं. तिच्या वर्गात ते पुस्तक जाईल, एवढंच माझ्या मनात आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
अलिबाग तालुका, जि. रायगड